वार्धक्यावरच्या जर्नलचा संपादक बदलतो, तेव्हा हातातून हातात नेमकं काय जातं?

संशोधनाच्या नियतकालिकात दर काही वर्षांनी एक पान असं येतं, जे जवळपास कुणीच वाचत नाही. अंकाच्या अगदी सुरुवातीला दीड-दोन पानांचा मजकूर असतो. मावळते संपादक सगळ्यांचे आभार मानतात, नवे संपादक आपल्या मनातलं सांगतात, दोघंही समीक्षकांचं ऋण व्यक्त करतात आणि आपण पान उलटून पहिल्या खऱ्या लेखाकडे वळतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पुढे माझाच एक लेख दोन संपादकांच्या मधल्या फटीत अडकला, तेव्हा त्या दीड पानामागे केवढा खटाटोप असतो ते कळलं. त्या लेखाचं काय झालं ते ओघात येईलच.

हा विषय अधूनमधून बातम्यांतही डोकावतो. डिसेंबर २०२४ मध्ये मानवी उत्क्रांतीवरच्या 'जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन' या नामांकित नियतकालिकाच्या जवळपास सगळ्या संपादकांनी एकदम राजीनामे दिले. त्याआधी २०२३ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरच्या 'न्यूरोइमेज'मध्ये हेच घडलं होतं. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, संपादक गेले तर दुसरे येतील, त्यात एवढं काय? उत्तर द्यायचं तर थोडं मुळापासून सुरू करावं लागेल. उदाहरणासाठी मी वार्धक्याचा अभ्यास करणारी नियतकालिकं घेतो. तिथे ही गुंतागुंत सगळ्यात स्पष्ट दिसते, आणि खरं सांगायचं तर मला त्याच गल्लीतलं थोडंफार ठाऊक आहे.

जर्नल आणि मासिक यांत फरक काय?

जर्नल म्हणजे संशोधकांनी संशोधकांसाठी चालवलेलं नियतकालिक. कुणी काही शोधलं किंवा मोजलं, की ते आधी तिथे तपासलं जातं आणि मग छापलं जातं. तपासणारे त्याच विषयातले दुसरे संशोधक असतात. ते बहुधा विनामोबदला काम करतात आणि त्यांची नावं लेखकाला सहसा कळत नाहीत. या तपासणीला समीक्षण म्हणतात, तपासणाऱ्यांना समीक्षक. एवढे शब्द लक्षात ठेवले की पुढे अडायला होणार नाही.

संपादक यात मधोमध बसलेला असतो. आलेला लेख पुढे पाठवायचा की दारातूनच परत करायचा, हे तो ठरवतो. पुढे पाठवायचा तर कुणाकडे, हेही तोच ठरवतो. समीक्षकांची मतं आली आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत (ती क्वचितच जुळतात), तर कुणाचं ऐकायचं हेसुद्धा त्याच्यावरच. मासिकाचा संपादक वाचकाला काय आवडेल याचा विचार करतो. जर्नलच्या संपादकाला वीस वर्षांनी कुणी हा लेख उघडला तर तो टिकेल का, याचा विचार करावा लागतो.

ही व्यवस्था साडेतीनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्या सुरुवातीलाच एक फसलेलं हस्तांतर आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं. ते आजही निघतं. पण तेव्हा ते सोसायटीचं नव्हतंच मुळी, ओल्डेनबर्ग ते स्वतःच्या जबाबदारीवर काढत. देशोदेशीचे विद्वान त्यांना पत्रं पाठवत, आणि त्या पत्रांतून अंक तयार होत. १६७७ मध्ये ओल्डेनबर्ग वारले. वनस्पतिशास्त्रज्ञ नेहेमाया ग्रू यांनी काही अंक काढले, पण १६७९ मध्ये प्रकाशन थांबलं. मधल्या काळात रॉबर्ट हूक यांनी वेगळ्या नावाने स्वतःचा संग्रह काढला, आणि मूळ नियतकालिक पुन्हा सुरू व्हायला १६८३ साल उजाडलं. पत्रव्यवहार एका माणसाचा, ओळखी एका माणसाच्या, आणि तो माणूसच गेला. मागे राहिलं ते फक्त नाव. सोसायटीने त्या नियतकालिकाची जबाबदारी रीतसर आपल्याकडे घेतली ती थेट १७५२ मध्ये.

वार्धक्याचं जर्नल वेगळं कशाने?

वार्धक्यशास्त्र हा तसा तरुण विषय. त्यासाठीचा 'जेरोंटॉलॉजी' हा शब्द एली मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये वापरात आणला. अमेरिकेत या विषयाची संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं 'जर्नल ऑफ जेरोंटॉलॉजी' निघालं. पेशींवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ, म्हाताऱ्या रुग्णांचे डॉक्टर, स्मरणशक्ती मोजणारे मानसशास्त्रज्ञ आणि निवृत्तिवेतन, एकटेपणा, कुटुंब यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ असे सगळे एकाच छपराखाली आले.

हे घर चार खोल्यांचं आहे आणि प्रत्येक खोलीत वेगळी बोली चालते. उंदरांवरचा प्रयोग चांगला कधी म्हणायचा, याचे निकष एका खोलीत पाठ असतात. दुसऱ्या खोलीत वीस वृद्धांशी तासन्‌तास बोलून लिहिलेला लेख उत्तम मानला जातो आणि पहिल्या खोलीतला माणूस विचारतो, "फक्त वीसच?" १९९५ मध्ये त्या जर्नलचे शेवटी दोन स्वतंत्र भाग केले गेले: एका भागात जीवशास्त्र आणि वैद्यक, दुसऱ्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. भांडणाऱ्या भावांनी वेगळं व्हावं तसं नसेलही ते, पण चारही बोल्या तितक्याच सफाईने बोलणारा संपादक सापडणं सोपं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

म्हणून इथे संपादक बदलला की नुसता माणूस बदलत नाही, दिवाणखान्यातली बोली बदलते. डॉक्टर असलेल्या संपादकाच्या जागी समाजशास्त्रज्ञ आला तर 'महत्त्वाचा प्रश्न' या शब्दांचा अर्थ थोडा सरकतो. कुणी वाईट हेतूने करतं असं नाही. प्रत्येकाला आपल्या खोलीतला आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो, इतकंच.

दुसरं म्हणजे काळाचं गणित. माणूस म्हातारा कसा होतो हे पाहायचं, तर तो होईपर्यंत थांबावं लागतं. 'बाल्टिमोर लाँगिट्यूडिनल स्टडी ऑफ एजिंग' हा अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. त्यात सुरुवातीला फक्त पुरुष होते, स्त्रियांना घेतलं गेलं ते १९७८ मध्ये. संपादकाची मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची असते. म्हणजे एकाच अभ्यासातून येणारे लेख संपादकांच्या कितीतरी पिढ्या पाहतात. आधीच्या संपादकाने एखाद्या मोजमापावर घेतलेला आक्षेप पुढच्याला माहीत नसेल, तर तीच चूक नव्या लेखात नव्या कपड्यांत येऊन उभी राहते.

तिसरी गोष्ट शब्दांची. वयावरून होणाऱ्या भेदभावाला 'एजिझम' हा शब्द रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये दिला. तेव्हापासून या क्षेत्रात कोणत्या माणसाला काय म्हणायचं यावर वाद चालू आहेत. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या जर्नलने २०१७ मध्ये लेखकांना सांगितलं की सरसकट 'एल्डरली' म्हणण्याऐवजी 'ओल्डर अ‍ॅडल्ट' म्हणा आणि शक्य तिथे नेमकं वय लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत 'ओल्ड एज' म्हणजे नुसतं 'म्हातारपण' अशी नोंद येऊ घातली होती. म्हातारपण हा काय आजार आहे का, असा गदारोळ झाला आणि नोंदीचे शब्द बदलावे लागले. असे निर्णय जर्नलमध्ये कुणीतरी एक माणूस, एका दुपारी, एका लेखाच्या निमित्ताने घेत असतो. तो माणूस म्हणजे संपादक.

एका संपादकाच्या हातात खरंच एवढं असतं?

असतं. याची एक गोष्ट वार्धक्यशास्त्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा समज होता, की शरीराबाहेर काढलेल्या पेशी नीट सांभाळल्या तर त्या अनंत काळ विभागत राहतात. अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या होत्या. तो प्रयोग पुढे ३४ वर्षं चालला. पेशी अमर, म्हातारपण येतं ते शरीराच्या व्यवस्थेमुळे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना फिलाडेल्फियात वेगळंच दिसलं. माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नासएक वेळा विभागून थांबत होत्या. काहीही केलं तरी थांबत होत्या. त्यांनी लेख लिहून 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'कडे पाठवला आणि तो परत आला. संपादक होते पेटन राऊस. पेशींना योग्य वातावरण मिळालं तर त्या विभागतच राहतात, हे गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध झालेलं आहे, असा त्यांच्या पत्राचा मथितार्थ होता. लेख शेवटी १९६१ मध्ये 'एक्सपेरिमेंटल सेल रिसर्च'मध्ये छापून आला. आज पेशींच्या त्या मर्यादेला हेफ्लिकचंच नाव आहे. कॅरेल यांच्या पात्रात पेशींना दिलेल्या खाद्यातून नव्या पेशी जात राहिल्या असाव्यात, अशी शंका नंतर घेतली गेली.

राऊस कुणी साधे गृहस्थ नव्हते. कोंबड्यांमधली एक कर्कगाठ विषाणूमुळे होते, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं. त्यावर दशकानुदशकं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. म्हणजे ज्या माणसाने स्वतः अर्धशतक वाट पाहिली, त्यानेच दुसऱ्याच्या लेखाला दार बंद केलं. यात मला खलनायक दिसत नाही. जाणता माणूस एका खुर्चीत फार काळ बसला की त्याला माहीत असलेल्या गोष्टी भिंतीसारख्या होतात, हे दिसतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. फ्रान्समधल्या जान काल्माँ १९९७ मध्ये वयाच्या १२२ व्या वर्षी वारल्या. इतकं दीर्घायुष्य दुसऱ्या कुणाचंही सिद्ध झालेलं नाही. २०१९ च्या सुरुवातीला 'रिज्युव्हिनेशन रिसर्च'ने एक लेख छापला, ज्यात म्हटलं होतं की खऱ्या काल्माँ १९३४ मध्येच गेल्या आणि पुढे त्यांच्या मुलीने आईचं नाव लावलं. त्याच वर्षी 'जर्नल्स ऑफ जेरोंटॉलॉजी'ने त्याला कागदपत्रांनिशी उत्तर देणारा लेख छापला. दोन्ही जर्नल्स वार्धक्याचीच. एका संपादकाला तो दावा चर्चेला आणण्याजोगा वाटला, दुसऱ्याने खंडनाला जागा दिली. मानवी आयुष्याची कमाल मर्यादा किती, या प्रश्नावरच्या वादात या दोन निर्णयांनीही भर घातली.

मग हस्तांतराच्या दिवशी काय काय असतं टेबलावर?

रुग्णालयातली रात्रपाळी संपते तो क्षण डोळ्यांसमोर आणा. दिवसपाळीची परिचारिका येते. वॉर्ड तर चालूच आहे, कुणी त्याला 'थांब' म्हणू शकत नाही. एक रुग्ण आत्ताच दाखल झालाय, दुसऱ्याचे अहवाल यायचेत, तिसऱ्याला उद्या सोडायचं असं डॉक्टर बोलून गेलेत पण कागदावर काही नाही. जर्नलचं तंतोतंत असंच असतं.

नुकतेच आलेले लेख सरळ नव्या संपादकाकडे जातात, त्यात अडचण नसते. समीक्षकांकडे गेलेले लेख थोडे नाजूक असतात, कारण समीक्षकाला निवडलं एकाने आणि मत वाचणार दुसरा. जुन्या संपादकाला माहीत असतं, की अमुक समीक्षकाचं 'ठीक आहे' म्हणजे खरं तर 'उत्तम', आणि तमुकाचं 'अतिशय रंजक' म्हणजे 'मी नीट वाचलेलं नाही'. नव्याला हे कळायला वर्ष लागतं. ही माहिती लिहूनही ठेवता येत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा कोणत्या गटावर राग आहे, हे कागदावर आलं की ती चहाडी होते. तोंडी सांगितलं की तो अनुभव. बरेच मावळते संपादक हे फोनवर सांगतात, आणि मला वाटतं ते शहाणपणाचं आहे.

सगळ्यात अवघड असतात सुधारणेसाठी लेखकाकडे परत गेलेले लेख. कारण तिथे शब्द दिलेला असतो. आधीच्या संपादकाने पत्रात लिहिलेलं असतं, "एवढ्या तीन गोष्टी करा, मग आपण पाहू." लेखक चार महिने राबतो, लेख परत पाठवतो आणि खुर्चीत कुणी दुसराच बसलेला असतो. नवा संपादक लेख कोऱ्या मनाने वाचतो आणि त्याला वाटतं, हा मुळात पुढे पाठवायलाच नको होता. आता काय करायचं? दिलेला शब्द पाळायचा की स्वतःची समज?

माझं नेमकं इथेच अडलं. लेख एकटेपणा आणि कमी होणारी श्रवणशक्ती यांवर होता, बरीच वर्षं त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला. आधीच्या संपादकांनी किरकोळ बदल सांगितले होते. आम्ही ते करून लेख पाठवला. त्यानंतर संकेतस्थळावर लेखाची स्थिती कितीतरी महिने एकाच जागी गोठली: 'संपादकांकडे'. कोणत्या संपादकांकडे? मी दोनदा विचारलं, दोनदा छापील उत्तर आलं. मग कळलं, की मधल्या काळात खुर्ची बदलली आणि नव्या संपादकांनी लेख तिसऱ्या समीक्षकाकडे धाडला. मी वैतागलो. सहलेखिकेने तर लेख काढून घेऊन दुसरीकडे पाठवायचा मसुदाही तयार केला.

चांगली प्रथा अशी आहे, की ज्या लेखांवर एक फेरी झाली आहे ते मावळत्या संपादकानेच तडीस न्यावेत, आणि काही महिने दोघांनी एकत्र काम करावं. पण मावळता संपादक दमलेला असतो. बहुतेक ठिकाणी हे काम नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर केलेलं असतं. मुदत संपली त्या दिवशी त्याला हुश्श करायचं असतं. त्याला तरी कसा दोष द्यायचा?

याशिवाय स्वीकारलेले पण अजून न छापलेले लेख असतात, कधीकधी वर्षभर पुरतील इतके. म्हणून नव्या संपादकाच्या पहिल्या वर्षाचे अंक वाचून त्याची पारख करणं अन्यायाचं आहे. तो त्याच्या आधीच्याचा स्वयंपाक, वाढतोय फक्त हा. पाहुण्या संपादकांना विशेषांकांची दिलेली आश्वासनं असतात. आणि सगळ्यात तळाशी तक्रारींची फाइल: या लेखातली आकृती दुसरीकडून उचलली आहे, या आकडेवारीत गडबड आहे, या लेखकाने कंपनीशी असलेला संबंध लपवला. यातल्या कितीतरी तक्रारी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लेखांबद्दल असतात, तेव्हाच्या संपादकांबद्दल असतात. उत्तर मात्र आजच्या संपादकाला द्यावं लागतं. घर विकत घेतलं की गळकं छतही आपलंच होतं, तसं.

"पण हे सगळं तर आता संगणकच करतो ना?"

लेख कुठे आहे, कुणाकडे आहे, किती दिवस झाले, हे संगणक सांगतो. का अडकलाय, हे सांगत नाही. माझ्या लेखाची 'संपादकांकडे' ही नोंद तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होती.

"निर्णय तर समीक्षक घेतात. मग संपादक कोणी का असेना?"

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. समीक्षक सल्ला देतात, निर्णय संपादकाचा. शिवाय बाहेरून समीक्षण ही आज आपल्याला अटळ वाटणारी पद्धत बऱ्याच ठिकाणी अलीकडे पक्की झाली. 'नेचर'ने छापायच्या प्रत्येक लेखाला ती सक्तीची केली १९७३ मध्ये. त्याआधी, १९३६ मध्ये, 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी आइन्स्टाइन यांचा लेख एका समीक्षकाला दाखवला म्हणून आइन्स्टाइन इतके भडकले की त्यांनी लेख मागे घेतला. समीक्षकाने दाखवलेली चूक खरी निघाली, ही त्यातली गंमत. पण तो लेख कुणाला तरी दाखवायला हवा, हे ठरवलं संपादकानेच.

"उत्तम संपादक मिळाला, तर त्यालाच कायम का ठेवू नये?"

ठेवत असत. 'नेचर'चे पहिले संपादक नॉर्मन लॉकियर १८६९ ते १९१९ अशी पन्नास वर्षं त्या खुर्चीत होते. राऊस यांचीही कारकीर्द दशकांत मोजायची. आता बहुतेक ठिकाणी मुदत ठरलेली असते, आणि ती वाढवली तरी एकदाच.

वार्धक्याच्या जर्नलला इथे एक अवघड चिमटा बसतो. जी मंडळी आयुष्यभर 'वयावरून माणसाला बाद करू नका' असं लिहितात, त्यांनीच आपल्या संपादकाला 'आता पुरे' म्हणायचं? यातून सुटका एका साध्या फरकाने होते. मर्यादा वयाला घालायची नसते, मुदतीला घालायची असते. पस्तिशीतल्या संपादकालाही पाच वर्षांनी उठवायचं आणि सत्तरीतल्या माणसाला पाच वर्षांसाठी बसवायला हरकत नाही. हे लिहायला सोपं आहे. निवडसमितीच्या बैठकीत "आता जरा तरुण रक्त हवं" हे वाक्य तरीही कुणीतरी म्हणतंच.

"नवा संपादक आकड्यांच्या मागे लागला तर?"

लागतो बरेचदा. 'इम्पॅक्ट फॅक्टर' नावाचा एक आकडा असतो: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला. कल्पना यूजीन गारफील्ड यांची, आणि १९७५ पासून या आकड्यांच्या याद्या निघतात. प्रकाशक नव्या संपादकाची पहिली परीक्षा त्यावर घेतो. वेगाने धावणाऱ्या क्षेत्रात दोन वर्षं ठीक असतील. पण चाळीस वर्षं माणसांच्या मागे जाऊन केलेल्या अभ्यासाचा उपयोग लोकांना कळायलाच पाच-सात वर्षं जातात. घाईचा संपादक मग सध्या गाजणाऱ्या विषयांवरचे लेख जास्त घेतो आणि वृद्धाश्रमातल्या रात्रीच्या झोपेवरचा शांत, नीट केलेला अभ्यास परत जातो. वाचकाला हे कधीच दिसत नाही, कारण न छापलेला लेख दिसत नसतो.

आकड्यांच्या नादाचं टोक २०२३ मध्ये दिसलं. 'हिंदावी' या प्रकाशनसंस्थेच्या जर्नल्समधले आठ हजारांहून अधिक लेख त्या एका वर्षात मागे घ्यावे लागले, आणि त्यातले बरेचसे पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतले होते. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या हातात आहे यावर लक्ष नसलं की काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

"आणि मालक कोण?"

राजीनाम्यांच्या बातम्यांचा उलगडा इथे होतो. जर्नलचं नाव कधी अभ्यासकांच्या संस्थेच्या मालकीचं असतं, कधी प्रकाशन कंपनीच्या. नाव कंपनीचं असेल तर संपादक रागावून बाहेर पडू शकतात, पण नाव बरोबर नेऊ शकत नाहीत. २०१५ मध्ये भाषाशास्त्राच्या 'लिंग्वा'चे सगळे संपादक बाहेर पडले आणि त्यांनी 'ग्लोसा' सुरू केलं. 'लिंग्वा' नव्या संपादकांसह चालूच राहिलं. नाव एकीकडे, माणसं आणि त्यांची पारख दुसरीकडे. ओल्डेनबर्ग गेल्यावर झालं होतं त्याच्या जवळपास जाणारं.

संस्था मालक असली तरी सगळं आलबेल नसतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९९ मध्ये आपल्या जर्नलच्या संपादकांना, जॉर्ज लंडबर्ग यांना, सतरा वर्षांनंतर एकाएकी काढलं. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालू असताना त्याच वादाशी जोडता येईल असा एक लेख छापला, हे निमित्त. ओरड झाल्यावर संपादकाच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारी समिती नेमावी लागली. ते हस्तांतर नव्हतं, हकालपट्टी होती. किल्ल्या द्यायला माणूसच जागेवर नव्हता.

"यात माझ्यासारख्या सामान्य माणसाचा काय संबंध?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांमागे एक साठीच्या वरचा असेल. त्यांना कोणतं औषध किती द्यायचं, पडण्यापासून वाचवणारा व्यायाम कोणता, विस्मरणाची सुरुवात कशी ओळखायची, याची मार्गदर्शक तत्त्वं या जर्नल्समधल्या लेखांवर उभी असतात. 'म्हातारपण मागे फिरवणारा शोध' अशी बातमी आली, की ती कुठल्या जर्नलमधून आली आणि तिथे सध्या कोण बसलंय, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. ते दीड पानाचं निरोपाचं टिपण तेव्हा कामाला येतं. त्यात मावळत्या संपादकाने न छापलेल्या लेखांचा साठा किती, निर्णयाला सरासरी किती दिवस लागतात, कोणत्या लेखांवर चौकशी चालू आहे, हे सांगितलं असेल तर हस्तांतर सरळ मनाने झालंय असं समजायला हरकत नाही. नुसतेच आभार असतील, तर मी तरी जरा जपून वाचतो.

आता माझा लेख. बऱ्याच महिन्यांनी नव्या संपादकांचं पत्र आलं, यावेळी छापील नव्हतं. त्यांनी जुनी फाइल तळापर्यंत वाचली होती. आधीच्या संपादकांनी सांगितलेले बदल तुम्ही केले आहेत आणि तो शब्द मला मोडायचा नाही, असं त्यांनी लिहिलं. पण तिसऱ्या समीक्षकाने एक रकाना दाखवलाय, तेवढा पाहा.

आम्ही पाहिला. अभ्यासाच्या मधल्या वर्षांत जी माणसं पुन्हा भेटली नाहीत, त्यांना आम्ही 'अभ्यास सोडला' या एकाच रकान्यात टाकलं होतं. त्यातल्या कितीतरी जणांनी अभ्यास सोडला नव्हता, ती वारली होती. म्हातारपणाच्या अभ्यासात हे दोन गट एकत्र करणं म्हणजे उरलेल्यांची तब्येत आहे त्याहून चांगली दाखवणं. आधीच्या दोन समीक्षकांना ते दिसलं नव्हतं, आधीच्या संपादकांना नाही, आणि तो तक्ता रोज पाहणाऱ्या आम्हाला तर नाहीच. सहलेखिकेने लेख मागे घेण्याचा मसुदा पुसला. आम्ही रकाना फोडून दोन केले, आकडे पुन्हा काढले, निष्कर्षातलं एक ठाम वाक्य सौम्य केलं आणि फाइल परत पाठवली.